जंगलात रडणारं मूल

फिलिपिन्समध्ये एखादं पोर दिसायला अगदीच ओबडधोबड असलं, की त्याचे दोस्त त्याला 'जानिसचं मूल' म्हणून चिडवतात. गेली तीन-साडेतीन दशकं ही थट्टा तिथल्या बोलण्यात रुळलेली आहे. ही जानिस म्हणजे अभिनेत्री जानिस दे बेलेन, आणि तिचं मूल म्हणजे १९८८ सालच्या 'तियानाक' या भयपटात तिनं छातीशी धरलेलं बाळ. आत्ता दुपट्यात गुरफटलेलं गोंडस तान्हुलं, आणि पापणी लवते न लवते तोच सुरकुतलेलं, अणकुचीदार दातांचं, रक्ताला चटावलेलं काहीतरी. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, तो आला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, त्यांच्याही तोंडी ही थट्टा आहे.

त्या थट्टेत चित्रपटाचा गाभा मात्र हरवून जातो. 'तियानाक' उभा आहे तो एका आईच्या दुःखावर. मूल गमावलेली बाई आणि आई नसलेलं मूल यांची गाठ पडते, आणि पुढचं सगळं भय त्या भेटीतून निघतं. आशियातल्या भयपटांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा जपान आणि कोरियापाशी थांबते. फिलिपिन्सचं नाव क्वचितच निघतं. खरं तर लोककथेतलं भूत पडद्यावर आणण्याची तिथली परंपरा मूकपटांच्या काळापासूनची आहे. होसे नेपोमुसेनो यांना फिलिपिनो चित्रपटसृष्टीचे जनक मानतात. त्यांनी १९२७ मध्येच 'मनानंगाल' नावाचा मूकपट केला होता. १९३३ मध्ये बोलपटांचा आरंभ होत असताना 'आंग आस्वांग' आला. आज यांपैकी एकही पाहायला मिळत नाही. युद्धात आणि दमट हवेत तिथल्या फिल्म्सचा असा नाश झाला, की दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे फिलिपिनो चित्रपट आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

'तियानाक'ची कथा साधी आहे. ज्यूलीचा गर्भ टिकलेला नाही, आणि त्या दुःखातून ती बाहेर येऊ शकलेली नाही. क्रिस्टी या तिच्या धाकट्या बहिणीला रानात टाकून दिलेलं एक तान्हं मूल सापडतं. ते घरी येतं आणि ज्यूलीच्या कुशीत जातं. तिला वाटतं, देवानं आपलं ऐकलं. मग आजूबाजूची माणसं एकेक करून मरू लागतात. क्रिस्टीच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ज्यूलीच्या मनात मात्र ती शिरतच नाही. शिरणार तरी कशी? इतक्या दिवसांनी तिची कूस भरली आहे. जो कोणी त्या बाळाविषयी वाईट बोलेल तो तिचा वैरी.

इथे दिग्दर्शकांची नजर कळते. बहुतेक भयपटांत माणूस राक्षसापासून पळतो. 'तियानाक'मधला राक्षस चालतसुद्धा नाही. त्याला कुणीतरी उचलून घ्यावं लागतं, पाजावं लागतं, थोपटून निजवावं लागतं. त्याचं हत्यार एकच, रडणं. आणि तान्ह्या मुलाचं रडणं ऐकून पुढे निघून जाणारा माणूस कुठल्याही देशात विरळाच.

१९७४ मध्ये अमेरिकेत लॅरी कोहेन यांनी 'इट्स अलाइव्ह' हा चित्रपट केला होता. त्यातही जन्मल्या जन्मल्या खून करणारं बाळ आहे. पण त्यामागे औषधांचे आणि प्रदूषणाचे परिणाम आहेत. माणसानं विज्ञानाच्या नावाखाली केलेली चूक आहे. फिलिपिनो बाळ रानातून येतं, आणि त्याच्या मागे काही शतकांची समजूत उभी आहे.

ही समजूत सगळीकडे सारखी नाही. बहुतेक ठिकाणी ऐकू येणारी गोष्ट अशी, की बाप्तिस्मा होण्याआधीच जे मूल मरतं त्याचा तियानाक होतो. कुणी म्हणतं, मृत जन्मलेल्या बाळाचा होतो. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरचे मांदाया लोक सांगतात, की बाळंत होण्यापूर्वीच आई मेली आणि पुरली गेली, तर तिचं मूल जमिनीतच जन्म घेतं, आणि तेच तियानाक. रूपाविषयीही एकमत नाही. काही ठिकाणी तो म्हातारा बुटका असतो, त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा तोकडा असतो आणि त्यामुळे तो उड्या मारत चालतो. बाळाचं रूप तो फसवण्यापुरतं घेतो.

गोष्टीतला मुख्य प्रसंग मात्र सगळीकडे तोच. दिवेलागणीनंतर एकटा माणूस रानवाटेनं निघालेला असतो. झाडीतून रडणं ऐकू येतं. तो शोधत जातो. पानांवर उघडंवाघडं मूल पडलेलं असतं. तो वाकतो, त्याला उचलतो, अंगाशी धरतो. रडणं थांबतं. आणि मग गळ्यापाशी दात लागतात.

कधी तियानाक मारत नाही, नुसती वाट चुकवतो. रडण्याच्या रोखानं गेलेला माणूस रात्रभर रानात फिरत राहतो, फिरून फिरून पुन्हा त्याच झाडापाशी येतो. आपल्याकडे याला चकवा लागणं म्हणतात. कोकणात आणि घाटावर जुन्या माणसांकडून अशा गोष्टी पुष्कळांनी ऐकल्या असतील. यावर फिलिपिनो उपाय मला फार आवडतो. अंगातला सदरा काढायचा आणि उलटा करून घालायचा. ते ध्यान पाहून तियानाकला हसू फुटतं, आणि तो माणसाला सोडून देतो. म्हणजे शेवटी तो मूलच आहे, याची आठवण त्या उपायात शिल्लक आहे. लसूण आणि जपमाळ हेही उपाय सांगतात. पण लसूण कुठल्याही भुताला चालतो. उलट्या सदऱ्याची गंमत वेगळीच.

बाप्तिस्मा न झालेल्या मुलाचंच भूत का व्हावं, याचं उत्तर इतिहासात आहे. १५६५ पासून फिलिपिन्सवर स्पॅनिश अंमल बसला आणि तीनशेहून अधिक वर्षं टिकला. आज तिथे सुमारे ७९ टक्के लोक कॅथलिक आहेत. जुन्या कॅथलिक शिकवणुकीत मूळ पापाची कल्पना प्रत्येक नवजात जिवाला लागू होती. ते पाप धुतलं जातं बाप्तिस्म्याच्या पाण्यानं. ते पाणी डोक्यावर पडण्याआधीच मूल गेलं, तर त्याचं काय? त्यानं स्वतः काही वाईट केलेलं नाही, म्हणून नरक नाही. पाप धुतलेलं नाही, म्हणून स्वर्ग नाही. अशा मुलांसाठी धर्मपंडितांनी 'लिम्बो' नावाची सीमेवरची जागा सांगितली. हा अधिकृत सिद्धांत कधीच झाला नाही, पण पाद्र्यांच्या शिकवणीतून तो घराघरांत पोचला. दफनाचाही प्रश्न होता. चर्चच्या मंत्रवलेल्या जमिनीत अशा मुलांना जागा नसे. त्यांना कुंपणाबाहेर पुरलं जाई.

नऊ महिने पोटात वाढवलेलं मूल कुंपणाबाहेर ठेवून घरी परतणाऱ्या आईला रात्री काय काय ऐकू येत असेल, याची कल्पना करणं अवघड नाही. लहान मुलांना दहनाऐवजी दफन करण्याची रीत आपल्याकडच्या हिंदू घरांतही आहे. पण आपल्या रीतीत त्या जिवाला कुठे थारा नाही, असं कुणी त्या आईला सांगत नाही. फिलिपिनो आईला ते सांगितलं गेलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. म्हणूनच तिथे आजही 'बुहोस तुबिग' करतात. चर्चमधला रीतसर बाप्तिस्मा, जेवणावळ, धर्ममाता-धर्मपिते हे सगळं सवडीनं होतं. पण जन्मल्यावर लगेच घरातल्या घरात बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून प्रार्थना म्हणतात. उशीर झाला तर काय होईल ही धास्ती त्यामागे आहे.

२००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनं एक दीर्घ टिपण प्रसिद्ध केलं. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना देवाची कृपा लाभेल अशी आशा बाळगायला भक्कम कारणं आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या बायका कुंपणाबाहेर मूल ठेवून आल्या, त्यांच्यासाठी हा निर्वाळा फार उशिरा आला.

तरीही तियानाकचं सगळं श्रेय किंवा दोष स्पॅनिश धर्मगुरूंना देऊन चालणार नाही. तो त्यांच्याही आधीचा आहे. तोमास ओर्तिझ या ऑगस्टिनियन धर्मगुरूनं १७३१ मध्ये पाद्र्यांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात तागालोग लोकांच्या 'पातियानाक'चं वर्णन येतं. तो बाळंतपणात अडथळा आणतो, आणि त्याला हुसकण्यासाठी नवरे काय करतात ते ओर्तिझ तपशिलानं सांगतो. बायको कळा देत असताना नवरा अंगावरचे कपडे काढून, हातात कोयता किंवा तलवार घेऊन घराखाली उभा राहतो. दुसरे कुणी छपरावर चढतात. आणि सगळे मिळून हवेत वार करत राहतात, मूल जन्माला येईपर्यंत.

हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणायचं तर तिथलं घर माहीत हवं. फिलिपिनो खेड्यातलं जुनं घर बांबूच्या खांबांवर, जमिनीपासून माणूसभर उंच असतं. जमीन बांबूच्या कांबींची, दोन कांबींमध्ये फटी. त्यातून वारा येतो आणि केरही खाली पडतो. छप्पर निपा नावाच्या पाणथळ जागी वाढणाऱ्या ताडाच्या झावळ्यांचं. उकाड्यात असं घर म्हणजे सुख. पण रात्री, चटईवर एखादी बाई कळा देत पडलेली असताना, याच घराला खालून फटी आहेत आणि वरून झावळ्या. दोन्हीकडून काहीही आत येऊ शकतं. खाली नवरा आणि छपरावर दीर असा पहारा या घराच्या बांधणीतूनच ठरला. सटवाईच्या रात्री बाळाजवळ दिवा तेवत ठेवून जागणाऱ्या आपल्या आज्यांना त्या नवऱ्यांची घालमेल बरोबर समजली असती.

समुद्रापलीकडे मलाय जगात याच घराण्यातलं नाव 'पोंतियानाक' असं आहे. तिथे ते भूत बहुधा बाईचं, बाळंतपणात मेलेल्या बाईचं. बोर्निओमध्ये याच नावाचं शहर आहे. १७७१ मध्ये ते वसवताना सुलतानानं तोफा डागून ही भुतं पळवून लावली, अशी तिथली आख्यायिका. सिंगापूरमध्ये १९५७ साली आलेला 'पोंतियानाक' हा मलाय भाषेतला भयपट इतका चालला, की त्यानंतर तशा चित्रपटांची रांग लागली. त्याचे दिग्दर्शक होते बी. एन. राव, भारतातून तिथे गेलेले. त्या काळात सिंगापूरच्या स्टुडिओंमध्ये भारतीय दिग्दर्शकांचा मोठा भरणा होता. मुंबईत नाव कमावलेले फणी मजुमदारही तिथे चित्रपट करत होते. मलाय पडद्यावरचं हे गाजलेलं भूत एका भारतीयानं उभं केलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

आता 'तियानाक' करणाऱ्यांकडे येऊ. पेके गाल्यागा (१९४३–२०२०) आणि लोरे रेयेस ही दिग्दर्शकांची जोडी. गाल्यागांचं सगळं भावविश्व व्हिसायस बेटांमधल्या नेग्रोसचं, बाकोलोद शहराच्या परिसरातलं. उसाच्या मळ्यांचा आणि बड्या जमीनदारांचा हा मुलुख. १९८२ मधला 'ओरो, प्लाता, माता' हा त्यांचा चित्रपट याच जमीनदार कुटुंबांची दुसऱ्या महायुद्धातली वाताहत दाखवतो, आणि आजही तो फिलिपिन्सच्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो. त्याआधी ते कलादिग्दर्शक होते. एदी रोमेरो यांच्या १९७६ मधल्या गाजलेल्या ऐतिहासिक चित्रपटाची आणि इश्माएल बर्नाल यांच्या 'मनिला बाय नाइट'ची सजावट त्यांची. घर कसं दिसतं, कुठल्या कोपऱ्यात अंधार साचतो, कुठल्या खिडकीतून काय दिसतं, याची जाण त्यांना पटकथेच्याही आधी आलेली होती.

आणि व्हिसायस ही आस्वांगांची भूमी. आस्वांग हे एका भुताचं नाव नाही, ते गोतावळ्याचं नाव आहे. लोककथांचे अभ्यासक माक्सिमो रामोस यांनी १९७१ मध्ये त्याची पाच प्रकारांत विभागणी केली: रक्त पिणारा, आतडी शोषणारा, कुत्र्याचं रूप घेणारा, चेटूक करणारा आणि प्रेतं खाणारा. व्हिसायसच्या पानाय बेटावरचा कापिझ प्रांत तर आस्वांगांसाठी इतका बदनाम, की तिथल्या माणसांना देशात कुठेही गेलं तरी टोमणे ऐकावे लागतात. २००४ मध्ये तिथल्या रोहास शहरात ही बदनामीच साजरी करावी म्हणून आस्वांग उत्सव भरवला गेला. चर्चनं त्याला कडाडून विरोध केला, आणि काही वर्षांत तो बंद पडला.

या भीतीचा वापर करणारेही निघाले. १९५० च्या दशकात मध्य लुझोनमध्ये हुक बंडखोरांविरुद्ध मोहीम चालू होती, तेव्हा एडवर्ड लान्सडेल या अमेरिकन अधिकाऱ्याच्या माणसांनी एका टेकडीवर आस्वांग राहतो अशी अफवा पसरवली. मग गस्तीवरच्या बंडखोरांपैकी शेवटच्या माणसाला अंधारात पकडलं, त्याच्या मानेला दोन भोकं पाडली, उलटं टांगून रक्त काढलं आणि प्रेत पुन्हा वाटेवर आणून ठेवलं. बंडखोर ती टेकडी सोडून गेले. हे लान्सडेलनं स्वतःच १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, आणि डावपेच म्हणून लिहिलं आहे. वाचताना अंगावर काटा येतो तो आस्वांगामुळे नाही.

गाल्यागांनी भयपटाला पहिला हात घातला १९८४ मध्ये. 'शेक, रॅटल अँड रोल' हा तीन गोष्टींचा चित्रपट त्या वर्षीच्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात आला. हा महोत्सव नाताळच्या दिवशी सुरू होतो. त्या दिवसांत थिएटरांत फक्त फिलिपिनो चित्रपट लागतात आणि घरंच्या घरं सिनेमाला जातात. सणासुदीला भुताची गोष्ट हे आपल्या दिवाळी अंकांच्या वाचकाला नवं नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींची कथा आधी काढून वाचणाऱ्यांची घरं महाराष्ट्रात कमी नाहीत.

१९८४ चं ते साल फिलिपिन्ससाठी वाईट होतं. आदल्या वर्षी विरोधी नेते निनॉय अकिनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली होती, पेसो कोसळला होता, महागाई ५० टक्क्यांवर गेली होती. अशा वर्षात तीन दिग्दर्शकांनी मिळून हा चित्रपट केला. त्यातल्या एका गोष्टीत 'हिमाला'चे दिग्दर्शक इश्माएल बर्नाल यांनी चक्क शीतकपाटालाच पिशाच्च बनवलं. तिसरी गोष्ट, 'मनानंगाल', गाल्यागांची.

मनानंगाल ही आस्वांगांपैकी सगळ्यांत विलक्षण. दिवसा ती देखणी, चारचौघींसारखी बाई. रात्री ती कमरेपासून दुभंगते. पाठीतून वटवाघळाचे पंख फुटतात, वरचं अर्धं धड उडून जातं, आणि कमरेखालचा देह केळीच्या बागेत किंवा झाडाआड तसाच उभा राहतो. ती गरोदर बाईचं घर शोधते, छपरावर बसते आणि झावळ्यांच्या फटीतून दोऱ्यासारखी लांब जीभ खाली सोडते. तिला मारायचं तर त्या उभ्या अर्ध्या देहावर मीठ, राख किंवा ठेचलेली लसूण टाकायची. मग तिला जुळता येत नाही, आणि सूर्य उगवला की ती संपते. १५८९ मध्ये हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं तागालोगांच्या चालीरीतींवर लिहिलं, त्यातही आपलं डोकं धडापासून वेगळं करून रात्री फिरणाऱ्याची नोंद आहे. आपल्याला ही दंतकथाच वाटते, असं तो लिहितो. मात्र तिथले लोक हे डोळ्यांनी पाहिल्याचं सांगतात, हेही तो नमूद करतो.

गाल्यागांची गोष्ट घडते गुड फ्रायडेच्या सुमाराला. लोकसमजुतीप्रमाणे त्या दिवशी देव मेलेला असतो, आणि म्हणून वाईट शक्तींना कुणाचाच धाक नसतो. डग्लस नावाचा खेड्यातला पोरगा अनिता या सुंदर बाईवर भाळतो, आणि ती कोण आहे हे त्याला कळतं. त्यानंतर घरात आजी, लहान भावंडं आणि डग्लस; बाहेर पंखांची ती बाई; आणि पहाट व्हायला अवकाश. आजी झाली होती मेरी वॉल्टर, मूकपटांपासून काम करत आलेली अभिनेत्री. डग्लस झालेल्या हर्बर्ट बाउतिस्ता या सोळा वर्षांच्या मुलाला महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढे हाच मुलगा केझोन शहराचा महापौर झाला. छपरापासून फटींपर्यंत ज्या घराचं मघाशी मी वर्णन केलं, ते गाल्यागांनी इथे एखाद्या किल्ल्यासारखं वापरलं आहे. माझ्या मते फिलिपिनो भयपटातला हा सर्वोत्तम अर्धा तास आहे.

चार वर्षांनी 'तियानाक' आला तो रीगल फिल्म्सकडून. रीगलच्या मालकीणबाई लिली मोंतेवेर्दे यांना सगळी इंडस्ट्री 'मदर लिली' म्हणे. २०२४ मध्ये त्या वारल्या. तरुण नटनट्यांच्या जोड्या जमवून चित्रपट चालवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. 'तियानाक'मध्येही लोत्लोत दे लेओन आणि रामोन क्रिस्टोफर ही तेव्हाची लाडकी जोडी होती. पोस्टरवर प्रेक्षकाला खेचायला ती जोडी, आणि चित्रपटाच्या मध्यावर ज्यूलीचं दुःख. जानिस दे बेलेन हिला तर सगळा देश लहानपणापासून ओळखत होता. 'फ्लोर दे लुना' या टीव्ही मालिकेत सोसणाऱ्या गुणी मुलीचं काम करून तिनं घराघरांत रडवलं होतं. त्याच मुलीला आता आई म्हणून बघताना प्रेक्षकाची सहानुभूती आधीच तिच्या बाजूला होती, आणि दिग्दर्शकांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. बाळ भयंकर आहे हे आपल्याला ठाऊक असतं. तरी तिच्याकडून ते कुणी हिसकावून घ्यावं असं वाटत नाही. प्रेक्षकाला असं दोन्हीकडून ओढणं नुसत्या दचकवण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

संगणकाच्या करामती तेव्हा नव्हत्या. पडद्यावर एका तुकड्यात खरं बाळ, दुसऱ्यात बाहुली, आणि मधला सांधा संकलनाच्या कात्रीचा. आज बघणाऱ्याला ती बाहुली आहे हे लगेच कळतं. पण ती जानिसच्या हातांत असते. तिला वजन असतं, दुपट्याला तिच्यामुळे चुण्या पडतात, आणि नटीचा हात तिच्या डोक्याखाली खऱ्या बाळाच्या डोक्याखाली जातो तसाच जातो. ज्यूली त्या दातांकडे न बघता दुपट्याचं टोक सारखं करते, आणि भय तिथून शिरतं.

तियानाकची गोष्ट चित्रपटाबाहेरही बदलत गेली, आणि तो बदल मला अस्वस्थ करतो. बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलाऐवजी आता पुष्कळदा पाडलेल्या गर्भाचा तियानाक झाल्याचं सांगतात, आणि तो आपल्या आईचा सूड घ्यायला येतो. फिलिपिन्समध्ये गर्भपात १९३० च्या दंडसंहितेनुसार गुन्हा आहे. १९८७ च्या राज्यघटनेनं गर्भधारणेपासूनच्या जिवाच्या रक्षणाची हमी दिली आहे. संततिनियमनाची साधनं सरकारी दवाखान्यांतून देण्याचा कायदा चर्चशी वर्षानुवर्षं झगडल्यावर २०१२ च्या डिसेंबरात झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो बऱ्याच अंशी उचलून धरला २०१४ मध्ये. मनिलात किआपोच्या प्रसिद्ध चर्चच्या आसपास मेणबत्त्या, ताईत आणि जडीबुटींचे स्टॉल असतात. तिथेच पाळी आणण्याची म्हणून मुळं आणि काढे विकले जातात. ते कशासाठी घेतले जातात हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणारीलाही. अशा देशात सूड घेणाऱ्या गर्भाची गोष्ट आधीच भेदरलेल्या बाईला आणखी भेदरवते. पुरुष त्या गोष्टीत कुठेच नसतो. तियानाक बापाच्या मागे लागल्याची गोष्ट माझ्या वाचनात नाही.

आस्वांगांच्या बाबतीत बाईकडेच बोट का, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासक एर्मिनिया मेन्येझ यांनी १९९० च्या दशकात मांडला. स्पॅनिश येण्यापूर्वी फिलिपिन्समध्ये देवाधर्माचं काम बायका करत. 'बाबायलान' नावाच्या या स्त्रिया पूजाही सांगत आणि बाळंतपणंही करत. नव्या धर्माचं त्यांच्याशी वैर होतं. बाळ सुखरूप आणणाऱ्या बाईचं उलटं रूप म्हणजे बाळ शोषून घेणारी बाई, आणि मनानंगालच्या चित्राला या झगड्यात धार आली, असं मेन्येझ यांचं म्हणणं. सगळंच याच कारणानं घडलं असं नाही. दुभंगणाऱ्या बाईची गोष्ट मलाय आणि थाय लोकांतही आहे, जिथे स्पॅनिश अंमल कधी नव्हता. पण फिलिपिन्समध्ये तिचा रोख नेमका कुणावर राहिला, हे त्यांच्या मांडणीमुळे कळतं.

या पार्श्वभूमीवर १९८८ चा 'तियानाक' मला मोठा वाटतो, कारण त्यात आईच्या माथी पाप मारलेलं नाही. ज्यूलीनं काही वाईट केलेलं नाही. तिचं मूल गेलं, आणि तिला दुसरं हवं होतं. चित्रपट तिच्या हट्टावर चिडत नाही, तिला शिक्षा व्हावी अशी आपल्याकडून अपेक्षा करत नाही. ती चुकते आहे हे दिसत असताना तिची बाजू कळत राहते. शेवटी काय होतं ते इथे सांगत नाही; ज्यांना बघायचा आहे त्यांची मजा जाईल.

गाल्यागा आणि रेयेस यांनी १९९२ मध्ये 'आस्वांग' केला, 'शेक, रॅटल अँड रोल'चे पुढचे काही भाग केले. त्या मालिकेचा पंधरावा भाग २०१४ मध्ये आला, आणि ती २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. 'तियानाक'कडेही ही जोडी परतली. २०१४ मध्ये रीगलसाठीच त्यांनी जुडी अ‍ॅन सांतोस हिला घेऊन तो नव्यानं केला. ती चांगली अभिनेत्री आहे, आणि दुःखाचे प्रसंग तिनं जीव ओतून केले आहेत. पण बाळ आता संगणकानं घडवलेलं आहे, आणि ते कुशीत असताना तिच्या दंडावर त्याचा भार दिसत नाही. गोष्ट ज्या एका कृतीवर उभी आहे, त्या उचलून घेण्याच्या कृतीतच कमतरता राहिली. म्हणून बघणाऱ्यांना माझं सांगणं: आधी १९८४ ची 'मनानंगाल' पाहा, म्हणजे त्या घराची आणि झावळ्यांच्या छपराची ओळख होईल, मग १९८८ चा 'तियानाक', आणि वेळ उरला तर नवा.